थपडेच्या आधीच्या ललिताबाई

सुनेला धारेवर धरणाऱ्या सासूबद्दल मुंबईच्या चाळींत एकच शेरा असायचा: ‘अगदी ललिता पवार आहे!’ एखाद्या नटीचं नाव असं घरोघरी रुळणं ही मोठीच पावती. पण त्या पावतीखाली ललिताबाईंच्या कारकिर्दीचा पहिला भाग पार झाकला गेला.

18 एप्रिल 1916 ला येवल्यात जन्मलेली ही अंबा सगुण. मूकपटांत बालकलाकार म्हणून आली आणि बोलपट सुरू झाल्यावर स्वतःची गाणी स्वतः गाणारी नायिका झाली. 1935 च्या ‘हिम्मत-ए-मर्दां’मध्ये त्या नायिका होत्या. 1937 मध्ये, जेमतेम एकविशीत, टॉलस्टॉयच्या कादंबरीवरचा ‘दुनिया क्या है’ त्यांनी स्वतः निर्माण केला. त्या काळात पैसा उभा करून चित्रपट काढणाऱ्या बायका होत्या किती?

मग 1942, ‘जंग-ए-आझादी’. एका प्रसंगात मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. भगवान म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा, अंगात कुस्तीची रग. हात जोरात बसला. चेहऱ्याला लकवा झाला, सुमारे तीन वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

त्या थपडेनं खलनायिका घडवली असं सर्रास सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. थपडेनं नायिकेची कामं हिरावली, एवढंच. पुढचं सगळं ललिताबाईंनी मेहनतीनं उभं केलं. उपचारांच्या त्याच काळात, 1944 मध्ये, त्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’त ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई झाल्या. 1950 मध्ये शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये सासू झाल्या तेव्हा वय होतं चौतीस! 1955 मध्ये तर ‘मिस्टर अँड मिसेस 55’मधली पुरुषद्वेष्टी, श्रीमंत आत्या आणि ‘श्री 420’मधली मुंबईच्या फुटपाथवरची केळेवाली, अशी दोन टोकं त्यांनी एकाच वर्षात गाठली. ‘प्रोफेसर’मध्ये (1962) त्याच करारी बाईला म्हातारपणी प्रेमात पडून लाजताना पाहावं. 1961 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. सत्तरी ओलांडल्यावर दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये त्या मंथरा झाल्या आणि नव्या पिढीनं त्यांना तेवढ्यावरच ओळखलं. 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

मला विचाराल तर त्यांना खरं ओळखायचं ते ‘अनाडी’तल्या (1959) मिसेस डिसांवरून. खोताच्या वाडीत किंवा वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांत वावरलेल्या कुणालाही ही फ्रॉकमधली घरमालकीण ओळखीची वाटेल. भाडेकरू राज कपूरवर ती सतत डाफरते आणि जीवही त्याच्यावरच टाकते. इथे तो बारीक डोळा नीट पाहावा. ‘दहेज’मध्ये धाक घालणारा तोच डोळा इथे रागाच्या भरातही माया लपवू शकत नाही. जीभ एक बोलते, डोळा दुसरंच. राज ज्या कंपनीत नोकरी करतो तिच्याच सदोष औषधानं शेवटी मिसेस डिसांचा जीव जातो आणि पुढचं सगळं कथानक त्या मरणावर उभं राहतं. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. ते खाष्ट सासूसाठी नव्हे, मायाळू बाईसाठी मिळालं, हे त्यांच्या नावाचा शेरा मारणाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं.