समाजमंदिर (ग्रामीण महाराष्ट्र)

गावाच्या किंवा वस्तीच्या सामाईक वापरासाठी सरकारी अथवा स्थानिक संस्थेच्या निधीतून बांधलेली वास्तू. एक मोठी खोली, पुढे ओटा किंवा व्हरांडा, वर स्लॅब नाहीतर पत्रा, आणि दारावर निधी कोणाचा हे सांगणारी पाटी, असे तिचे नेहमीचे रूप. बचत गटाची बैठक, बारसे, लग्नाची पंगत, लसीकरण, मतदान, सगळे याच चार भिंतींत होते.

नावात मंदिर असले तरी येथे देव अभिप्रेत नाही. पुष्कळ गावांत तर समाजमंदिर म्हटले की दलित वस्तीतली इमारतच डोळ्यांसमोर येते, आणि त्याला कारण आहे. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता आणि चावडीवर बरोबरीने बसता येत नव्हते, त्यांना हक्काने जमण्यासाठी स्वतःची जागा हवी होती. १४ एप्रिलच्या जयंतीची तयारी आणि ६ डिसेंबरचे अभिवादन अनेक वस्त्यांत याच खोलीत होते. म्हणून समाजमंदिराकडे नुसते बांधकाम म्हणून पाहणे अपुरे आहे.

ग्रामपंचायतीची घरपट्टी एवढ्या कामाला सहसा पुरत नाही, त्यामुळे पैसा बाहेरून आणावा लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, जिल्हा परिषदेचा सेस (उपकरातून येणारा स्वतःचा निधी), आमदारांचा स्थानिक विकास निधी, ग्रामविकास विभागाचा मूलभूत सुविधांचा निधी हे नेहमीचे मार्ग. यातला शेवटचा त्याच्या लेखाशीर्षावरून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या २५१५ या खर्चाच्या शीर्षावरून, ‘पंचवीस पंधरा’ म्हणून ओळखला जातो. २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झालेल्या खासदार निधीतूनही सभागृह बांधता येते, पण त्या पैशातून प्रार्थनास्थळाचे काम करता येत नाही. शिवाय ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी राखायची असते. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नात हे प्रमाण २० टक्के आहे.

काम ग्रामसभेच्या ठरावापासून चालू होते, पण खरी परीक्षा जागेची असते. जमीन गावठाणात किंवा ग्रामपंचायतीच्या नावे असली तर अडचण नाही. कोणीतरी तोंडी दिलेल्या जागेवर मात्र पुढच्या पिढीचे वारस हरकत घेतात, आणि पाया जोत्यापर्यंत येऊन काम थांबते. सातबारा किंवा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीचा) उतारा आधीच फाइलला लावणे म्हणूनच महत्त्वाचे. त्यानंतर अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. बिल निघते ते मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीवर. स्लॅबच्या सळ्या काँक्रीट पडल्यावर दिसेनाशा होतात, त्यामुळे त्या मोजताना गावातले दोघे जाणकार हजर असले तर पुढचे पुष्कळ वाद टळतात.

या सगळ्या व्यवस्थेत एक मोठी उणीव आहे. बांधायला पैसा मिळतो, चालवायला बहुधा मिळत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत; त्यांत सांस्कृतिक कार्यक्रम २१ वा, तर सामुदायिक मालमत्तेची देखभाल अगदी शेवटचा. विषय कागदावर आहे, त्यामागे नियमित तरतूद क्वचितच असते. वीजबिल थकते, मीटर कापला जातो, गळक्या स्लॅबखाली भिंतींना ओल धरते. कुलपाची किल्ली एकाच घरात राहिली की बाकीच्यांचे येणे कमी होते आणि आत धान्याची पोती नाहीतर मांडवाचे सामान पडते. नव्या इमारतीसाठी मागणी करताना जुनीला कुलूप का लागले हे आधी विचारायला हवे, आणि तो प्रश्न विचारायची जागा ग्रामसभाच आहे.

जेथे देखरेखीसाठी समिती नेमली जाते, लग्नकार्यासाठी माफक भाडे ठरते आणि त्याची पावती ग्रामपंचायत फाडते, तेथे रंग, दिवे आणि पाणी यांचा खर्च भागतो. अलीकडे बऱ्याच गावांत याच खोलीत अभ्यासिका सुरू झाल्या आहेत. घरी एका खोलीत सहा माणसे असताना पोलीस भरतीचा किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना रात्री दहापर्यंत चालू असलेली ट्यूबलाइट आणि बसायला एक टेबल मिळते.