रत्नागिरीत कचेरी बांधायची, तर आधी छप्पर मोजा

लागणारी वीज आणि पाणी स्वतःच मिळवणारी कार्यालयाची इमारत रत्नागिरीत उभी करता येईल का? येईल. पण मग किती मजले चढवायचे हे जागेच्या भावावर सोडून चालणार नाही. ते छपरावर ठरेल.

समजा, छप्पर 600 चौरस मीटरचे आहे. त्यातल्या 400 चौरस मीटरवर सौर पॅनेल लावली तर साधारण 40 किलोवॉटचा संच बसतो आणि पावसाळ्यातली घट धरूनही वर्षाला 56,000 युनिटच्या आसपास वीज मिळते. खाली 500 चौरस मीटरचे दोन मजले असतील तर चौरस मीटरमागे 56 युनिट येतात, चार मजले केले तर 28. आता दुसरी बाजू बघा. दमट हवेच्या प्रदेशातले वातानुकूलित कार्यालय वर्षाला चौरस मीटरमागे 100 युनिटांच्या आत राहिले, की केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या मोजपट्टीवर ते पाच तारे मिळवते. म्हणजे पाच तारेवाली इमारतही आपल्या छपराला परवडणारी नाही. मजले दोनच ठेवायचे आणि विजेचा खर्च त्याहूनही निम्म्यावर आणायचा.

ही वीज कोकणात जाते कुठे? बरीचशी हवेतला ओलावा पिळून काढण्यात. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असताना एक घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम बाष्प असते. आत 25 अंश आणि 60 टक्के ठेवायचे, तर त्यातले 12 ग्रॅम काढावे लागते. शंभर माणसांना सेकंदाला सुमारे एक घनमीटर ताजी हवा लागते. आठ तासांचा हिशेब केला तर जवळजवळ 345 लिटर पाणी होते! एसीच्या नळीतून थेंब थेंब गळते ते हेच. एवढ्या वाफेचे पाणी करायला रोज साठ-सत्तर युनिट जातात, आणि आपले छप्पर दिवसाला सरासरी दीडशेच देते. विदर्भातला कूलर इथे उपयोगाचा नाही, कारण तो हवेत आणखी ओलावा सोडतो.

म्हणून माझ्या मते एसी सभागृह आणि सर्व्हरच्या खोलीपुरता असावा. बाकी सगळीकडे छताचे पंखे. पंख्याचा वारा घाम वाळवतो आणि दोन-तीन अंशांनी गार वाटते. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा तीस-पस्तीस. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे इमारतीतून आरपार जायला हवेत, आणि खरी पंचाईत इथेच आहे. वारा पश्चिमेचा, झोडपणारा पाऊस नैऋत्येचा, संध्याकाळचे तिरपे ऊनही पश्चिमेचेच. त्याच बाजूला समुद्र दिसतो म्हणून सरसकट काच लावणे मला अजिबात पटत नाही. तिकडे जिना, स्वच्छतागृहे, खोल पडवी आणि जाळीची भिंत हवी.

भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या कराव्यात. चिरा खाणीतून कापून थेट वापरता येतो, भट्टीत भाजायला इंधन लागत नाही. पण जांभा सच्छिद्र, पाणी पितो. त्यासाठीच जुन्या घरांच्या वळचणी इतक्या पुढे आलेल्या असतात. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या 2013 मध्ये उघडलेल्या बुलिट सेंटर या सहा मजली कार्यालयाने पॅनेलांना जागा मिळावी म्हणून छप्पर भिंतींच्या बरेच बाहेर काढले आहे. कोकणात तसे केले तर वीज वाढेल, भिंतीवर सावली पडेल आणि झडीपासून चिरेही वाचतील.

तेच छप्पर पाणीही देते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पन्हळीत अठरा लाख लिटर येते. तरी वैशाखात टँकर लागतात, कारण जांभ्यात मुरलेले पाणी उतारावरून झपाट्याने निघून जाते. तेव्हा साठवण हवीच. कार्यालयात माणशी 45 लिटर धरतात, पैकी 20 फ्लशचे. हे 20 लिटर हात धुतलेल्या पाण्यातून भागवता येतात. हे पाणी कर्दळ आणि वेखंड लावलेल्या खडीच्या वाफ्यातून गाळून घ्यायचे. एसीचे पाणीही त्यात जाते. उरले शंभर जणांचे 2,500 लिटर. ऑक्टोबर ते मेपर्यंत, पाच दिवसांच्या आठवड्याने, कामाचे साधारण 165 दिवस. चार लाख वीस हजार लिटरची टाकी पुरते: 14 बाय 10 मीटर, खोली तीन मीटर. जोत्याखाली सहज मावेल. पहिल्या सरींचे पाणी टाकीत घ्यायचे नाही, पिण्याचे गाळून अतिनील दिव्याखालून न्यायचे.

विजेची अशी टाकी मात्र बांधता येत नाही. जुलैतली तूट भरून काढेल एवढी बॅटरी कोणालाच परवडणार नाही. नेट मीटरिंगने उन्हाळ्यात जास्तीची वीज महावितरणला द्यायची आणि पावसाळ्यात परत घ्यायची, म्हणजे स्वयंपूर्णता वर्षाच्या हिशेबाने.

बांधकामाचे तपशील समुद्र ठरवतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून सळ्या गंजवते, म्हणून सळीवरचा काँक्रीटचा थर जाड आणि घट्ट हवा. पॅनेलांचे नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा घराघरांची कौले आणि पत्रे उडाले. पुढे आलेल्या छपराला वारा खालून उचलतो, त्यामुळे त्याचे खांब पायापर्यंत बांधलेले असावेत. आणि जुलै 2021 मध्ये चिपळुणात पाणी कुठवर चढले ते आठवून इन्व्हर्टर व मीटरची खोली वरच्या मजल्यावर काढावी.