नवी मोटरसायकल उभ्या जागी आवाज करते तेव्हा

दसरा आणि पाडव्याला ठाण्यात नव्या गाड्या रस्त्यावर उतरतात. त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत आमच्या गॅरेजवर एक प्रश्न हमखास येतो : "गाडी नवी आहे, पण न्यूट्रलवर उभी असली की टकटक वाजते. इंजिनमध्ये काही बिघडलंय का?" बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. क्वचित खरंच बिघडलेलं असतं, आणि तेव्हा दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो. हा फरक तुम्हाला घरीच ओळखता यावा म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आवाज किती मोठा आहे यावरून फारसं काही कळत नाही. तो कशामुळे बदलतो ते पाहा. गाडी थंड असताना आणि तापल्यावर, क्लच सोडलेला असताना आणि दाबल्यावर, आणि हलकी रेस दिल्यावर, अशा तिन्ही प्रकारे ऐका.

ऐकायचं कुठे

घोडबंदर रोडच्या इमारतींत गाड्या स्टिल्टमध्ये किंवा पोडियमच्या पार्किंगमध्ये लागतात. वर स्लॅब, दोन्ही बाजूंना भिंती. तिथे शिलाई मशीनसुद्धा कारखान्यासारखं वाजेल. गाडी ढकलत मोकळ्यावर आणा, सपाट जागी मेन स्टँडवर लावा आणि मगच कान द्या. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून दहा-दहा मिनिटं ऐकत बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो डोकं जड करतो आणि बंद जागेत जीवही घेतो.

बारीक टिकटिक

बहुतेक तक्रारी याच आवाजाच्या असतात. १२५ ते १६० सीसीच्या बऱ्याच गाड्यांचं आयडलिंग, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं, मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असतं. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा) उघडणारा दांडा, त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ७०० फेरे फिरतो. याचा अर्थ एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला साधारण १२ वेळा उघडतो आणि मिटतो. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते, जेमतेम कागदाच्या पानाएवढी. व्हॉल्व्ह तापला की लांबतो, त्याला ती जागा लागते. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळता गॅस कडेने निसटतो आणि व्हॉल्व्हच जळतो. म्हणून एकसारखी, हलकी टिकटिक ऐकून आम्ही घाबरत नाही. "आवाज बंद करून द्या" म्हणून कुणी टॅपेट घट्ट आवळून दिला असेल, तर मात्र ती गाडी आम्ही आधी तपासतो.

दुसरी टिकटिक इंजेक्टरची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि जवळपास सगळ्याच मोटरसायकलींचा कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. इंजेक्टर विजेवर उघडतो आणि मिटतो, त्याचा कोरडा, टोकदार आवाज सीटच्या पुढच्या बाजूला ऐकू येतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला तो नवाच वाटणार. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून "झूं" येतं, तो पेट्रोलचा पंप. गाडी बंद केल्यावर खालून "टिंग... टिंग" येतं, तो तापलेला सायलेन्सर थंड होताना आक्रसतो त्याचा. माजिवड्याच्या सिग्नलवर उन्हात उभं राहिल्यावर अचानक घरघर सुरू झाली आणि गाडीला रेडिएटर असेल, तर तो पंखा आहे. हे चारही आवाज विसरून जा.

क्लच दाबून पाहा

ही परीक्षा प्रत्येकाला जमते आणि तिच्यातून सर्वांत जास्त कळतं. गाडी न्यूट्रलवर चालू ठेवा. खालच्या बाजूने खडखड येत असेल तर क्लच पूर्ण दाबा. खडखड थांबली किंवा बरीच कमी झाली, तर तो आवाज क्लच आणि गिअरबॉक्सचा आहे. सिंगल सिलिंडर इंजिन अखंड जोर देत नाही, दोन फेऱ्यांत एकदाच पिस्टनवर स्फोट होतो. तो झटका गिअरच्या दातांपर्यंत जातो आणि दातांमध्ये ठेवलेल्या थोड्याशा मोकळ्या जागेत ते एकमेकांवर हलके आपटतात. क्लच दाबला की गिअरबॉक्सपर्यंत झटका पोचतच नाही. नव्या गाडीत ही खडखड थोडी असणं स्वाभाविक आहे. आयडलिंग कमी झालं की ती वाढते, त्यामुळे पेट्रोल वाचवायला "स्लो", म्हणजे आयडलिंगचा वेग, खाली आणू नका.

उलट झालं, म्हणजे क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचं बेअरिंग पाहावं लागतं. ती गाडी घेऊन या.

थंड गाडीची खडखड

सकाळी सेल्फ मारल्यावर पहिली काही सेकंद इंजिनाच्या वरच्या बाजूने साखळी झटकल्यासारखा आवाज येऊन विरतो. रात्रभर ऑइल खाली उतरलेलं असतं. ते वर पोचेपर्यंत कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन जराशी बोलते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो. थंड असताना तो सिलिंडरमध्ये किंचित सैल बसतो, तापला की फुगून नीट बसतो. त्यामुळे सुरुवातीचा पोकळ टपटप आवाज पाच-सात मिनिटांत कमी व्हायला हवा. या काळात जोरात रेस देऊ नका. गाडी पुरती तापल्यावरही टायमिंग चेनची खडखड तशीच राहिली, तर ती चेन ताणून धरणारा टेन्शनर अडकलेला असू शकतो, आणि ते लगेच दाखवण्याजोगं काम आहे.

इंजिनाचा नसलेला आवाज

नंबर प्लेट, साडी गार्ड, लेग गार्ड, चेन कव्हर. गाडी घेताना जोडलेल्या सामानाचा एखादा बोल्ट ढिला राहतो आणि नेमक्या आयडलिंगला तो भाग थरथरतो. थोडी रेस दिली की आवाज गायब होतो, म्हणून माणूस गोंधळतो. एकेका भागावर हाताने दाब देऊन पाहा (सायलेन्सरला मात्र हात लावू नका, तिथे चटका बसेल). एका गाडीची "इंजिनाची किणकिण" आम्ही अर्धा तास शोधली. पूजेच्या हाराची तार हेडलाइटमागे अडकून राहिली होती.

ऑइलबद्दल

पहिली सर्व्हिसिंग टाळू नका. कंपनीप्रमाणे ती साधारण ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान येते. नव्या भागांची घासण होऊन लोखंडाचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरलेला असतो, तो बाहेर काढायचा असतो. पुस्तिकेत ऑइलचा ग्रेड १०डब्ल्यू-३० लिहिला असेल तर तेच घाला. आवाज दाबायला जाड ऑइल घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने आवाज कदाचित दबेल, पण थंडीत ऑइल वर पोचायला जास्त वेळ लागेल. कारचं ऑइल तर घालूच नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घसरू लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असं लिहिलेलं पाहून घ्या.

इथे गाडी बंद करा

खालून, पोटातून येणारी जड ठकठक, रेस दिल्यावर वाढणारी. धातूवर धातू घासल्याचा आवाज. कालपर्यंत नव्हता आणि आज अचानक आलेला मोठा आवाज. ऑइलचा लाल दिवा किंवा इंजिनाचा पिवळा दिवा चालू गाडीत पेटलेला राहणं. यातलं काहीही दिसलं तर आधी इंजिन बंद करा आणि ऑइलची पातळी पाहा. लाल दिवा असेल किंवा ठकठक खालची असेल, तर पातळी बरोबर दिसली तरी पुन्हा चालू करू नका. गाडी टेम्पोत घालून न्या. टेम्पोचं भाडं क्रँकच्या कामापुढे काहीच नाही.

वॉरंटी चालू असेल तर ती गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या. वॉरंटीतलं इंजिन आम्ही उघडत नाही, कारण तुमचा दावा त्यामुळे अडचणीत येऊ शकतो. तिथे तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या, नुसती तोंडी सांगून येऊ नका. "आवाज येतो" एवढंच न लिहिता "थंड असताना, न्यूट्रलवर, क्लच दाबल्यावर थांबतो" असं लिहायला लावा. सोबत मोबाइलवर दोन व्हिडिओ ठेवा, एक सकाळच्या पहिल्या सेल्फचा, दुसरा अर्धा तास चालवल्यानंतरचा. फोन दोन्ही वेळा सारख्याच अंतरावर धरा, कारण जवळ धरला की फोन टिकटिक फुगवून दाखवतो. आज आवाज नसेल तरीही एक व्हिडिओ काढून ठेवा, पुढे तुलना करायला तोच उपयोगी पडेल.

नुसता आवाज ऐकून सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही. आवाज सकाळचाच असेल तर मात्र गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे सोडून जा. कासारवडवलीहून वागळे इस्टेटपर्यंत येईस्तोवर ती तापलेली असते, आणि तुम्हाला रोज सकाळी ऐकू येणारा आवाज आम्हाला ऐकायलाच मिळत नाही.