वुदरिंग हाइट्स : पात्रे आणि नातेसंबंध

एमिली ब्राँटे (१८१८–१८४८) यांची ही एकमेव कादंबरी. डिसेंबर १८४७ मध्ये ती लंडनमध्ये 'एलिस बेल' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. यॉर्कशरच्या माळरानावर एकमेकांपासून चार मैलांवर दोन घरे आहेत : अर्नशॉ घराण्याचे वुदरिंग हाइट्स आणि लिंटन घराण्याची हवेली थ्रशक्रॉस ग्रेंज. बहुतेक सगळे कथानक या दोन घरांत घडते. प्रेमकथा म्हणून तिची ख्याती मोठी आहे. मात्र नाती आणि वारसा नीट लावून घेतल्याशिवाय ती उलगडत नाही. इंग्रजीत आतेभाऊ, मामेभाऊ, चुलतभाऊ सगळे 'कझिन'. मराठी वाचकाला मात्र या कादंबरीची गुंतागुंत आपल्या भाषेतल्या शब्दांनी सहज सोडवता येते.

थोरले अर्नशॉ लिव्हरपूलहून पायी परतताना रस्त्यावर सापडलेला एक अनाथ मुलगा घरी आणतात. लहानपणीच वारलेल्या आपल्या एका मुलाचे 'हीथक्लिफ' हे नाव त्याला देतात. तेच त्याचे नाव आणि तेच आडनाव. हिंडली आणि कॅथरिन ही अर्नशॉंची पोटची मुले. हिंडली या मुलाचा दुस्वास करतो आणि वडील गेल्यावर त्याला शेतमजुरीला जुंपतो; कॅथरिनचा मात्र तो जिवाचा सोबती होतो. हीथक्लिफशी लग्न केले तर आपली पत खालावेल, असे ती घरातील सेविका नेलीला सांगते, आणि तेवढेच ऐकून तो घर सोडून जातो. 'मीच हीथक्लिफ आहे' हे तिचे पुढचे बोलणे त्याच्या कानावर पडतच नाही. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ या अर्धवट ऐकण्यात आहे. कॅथरिन ग्रेंजच्या एडगर लिंटनशी लग्न करते.

तीन वर्षांनी हीथक्लिफ पैसेवाला होऊन परततो आणि ज्या नात्यांनी त्याला बाहेर ठेवले, त्याच नात्यांची शिडी करतो. जुगारी हिंडलीला कर्ज देऊन तो हाइट्स गहाण घेतो. एडगरची बहीण इझाबेला हिच्याशी, तिच्यावर यत्किंचितही प्रेम नसताना, लग्न करून तो एडगरचा मेहुणा बनतो. मार्च १७८४ मध्ये मुलीला जन्म देऊन कॅथरिन मरण पावते. या मुलीचे नावही कॅथरिन. इथे तिला कॅथी म्हणू. हिंडलीचा मुलगा हेअरटन हा तिचा मामेभाऊ आणि इझाबेलाचा मुलगा लिंटन हा आतेभाऊ. हीथक्लिफ आधी तिच्या आत्याचा नवरा असतो, पुढे सासरा होतो.

हे दुसरे नाते तो जबरदस्तीने घडवतो. एडगरच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या लिंटननी, ग्रेंजची जमीन अशी बांधून ठेवली होती, की एडगरला मुलगा नसल्यास ती त्याच्या मुलीकडे न जाता इझाबेलाच्या शाखेकडे जावी. म्हणून आजारी लिंटन हाच वारस ठरतो. एडगर मृत्युशय्येवर असताना हीथक्लिफ कॅथीला कोंडून ठेवतो आणि लिंटनशी तिचे लग्न लावतो. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात लग्नानंतर बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. मरण्यापूर्वी लिंटन ती सगळी बापाच्या नावे करून देतो. जमिनीवर हीथक्लिफचा दावा शंकास्पद असतो, पण पैसा आणि पाठीराखे दोन्ही नसलेली विधवा सून लढणार कशी? चार्ल्स पर्सी सँगर या वकिलाने १९२६ मध्ये कादंबरीतील तारखा, वंशावळ आणि मालमत्तेचा कायदा तपासून पाहिला, तेव्हा लेखिकेने हा हिशेब किती काटेकोरपणे मांडला आहे हे स्पष्ट झाले.

हेअरटन हे मला या कादंबरीतले सर्वांत हृद्य पात्र वाटते. हिंडलीने आपल्याला जसे अडाणी ठेवले तसेच हीथक्लिफ त्याच्या मुलाला ठेवतो. हाइट्सच्या दारावर '१५००' या सालाबरोबर 'हेअरटन अर्नशॉ' असे पूर्वजाचे नाव कोरलेले आहे आणि याच नावाच्या या मुलाला ते वाचता येत नाही! पुढे कॅथी त्याला वाचायला शिकवते आणि दोघांचे लग्न ठरते. लिंटनची बायको ही त्याच्या मामाची मुलगी होती. महाराष्ट्रात अनेक समाजांत असे लग्न रूढ आहे. हेअरटनची वाग्दत्त वधू त्याच्या आत्याची मुलगी आहे आणि असे लग्न आपल्याकडे परंपरेने टाळले जाते. इंग्लंडमध्ये हा भेद नाही. थोरल्या कॅथरिनने खिडकीच्या फळीवर आपल्या नावापुढे अर्नशॉ, हीथक्लिफ आणि लिंटन अशी तीन आडनावे कोरली होती. मुलगी तीच आडनावे उलट क्रमाने लावते : जन्माने लिंटन, पहिल्या लग्नाने हीथक्लिफ, दुसऱ्या लग्नाने अर्नशॉ.

ही सारी हकीकत नेली डीन ही सेविका ग्रेंजचा भाडेकरू लॉकवूड याला सांगते. ती त्रयस्थ नाही. तिच्या आईने हिंडलीला दूध पाजले होते, म्हणजे ती त्याची दूधबहीण. हेअरटन आणि कॅथी दोघांनाही तिने हाताखांद्यावर वाढवले. चिठ्ठ्या दडवणे, निरोप पोचवणे, एडगरपासून गोष्टी लपवणे यांत तिचा हात आहे, त्यामुळे तिचा प्रत्येक निवाडा तपासून घ्यावा लागतो.

१८०२ मध्ये हीथक्लिफ मरतो, तेव्हा त्याच्या प्रेताशी रात्रभर रडत बसतो तो हेअरटनच. माळाच्या कडेला तीन थडगी आहेत : मधले कॅथरिनचे, एका बाजूला एडगर, दुसऱ्या बाजूला हीथक्लिफ. त्याचे वय कोणाला ठाऊक नव्हते आणि वेगळे आडनाव त्याला नव्हतेच, म्हणून त्याच्या दगडावर फक्त 'हीथक्लिफ' आणि मृत्यूची तारीख एवढेच कोरले आहे.