प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यांची बाग-अवजारे

घरात रिकामे झालेले प्लास्टिकचे कॅन, बाटल्या आणि डबे कापून किंवा त्यांना भोके पाडून बागकामाची हलकी साधने करण्याची पद्धत. प्लास्टिक वितळवून नवी वस्तू घडवणे वेगळे. येथे भांड्याचा मूळ आकारच कामाला लावतात. मूठ, तोंड, पोकळी, झाकण सारे आयते असते. काप कोठून घ्यायचा, एवढेच काय ते कसब.

ते सुपड्यात नीट दिसते. द्रव साबणाच्या मुठीच्या कॅनचे बूड सरळ न कापता तिरके कापतात. मुठीकडची बाजू आखूड आणि तिच्यासमोरची लांब ठेवली, की लांब बाजू पात्यासारखी खाली येते आणि मूठ वर हातात राहते. काप उलटा घेतला तर मूठ मातीत घासते आणि कॅन वाया जातो. झाकण घट्ट लावले की सुपडे, काढले की तेच नरसाळे. कंपोस्ट, वाळू, सैल माती उपसायला ते उत्तम. घट्ट जमिनीत मात्र त्याचे पाते दुमडते, तेथे खुरपेच हवे.

झारीसाठी कॅन न कापता फक्त झाकणाला तापवलेल्या दाभणाने बारीक भोके पाडतात. पुष्कळांची झारी थोडे पाणी देऊन अडते, कारण आत हवा शिरायला वाट नसते. मुठीच्या वरच्या अंगाला एक भोक पाडले की धार अखंड पडते, आणि त्यावर अंगठा दाबला की मंदावते, बहुधा थांबतेच. युक्ती जुनी आहे: बुडाला चाळणीसारखी भोके असलेली आणि वरच्या भोकावर अंगठा ठेवून पाणी आवरणारी मातीची भांडी युरोपात काही शतकांपूर्वी वापरात होती.

प्लास्टिकचा प्रकार बुडावरच्या त्रिकोणातील अंकावरून कळतो. ही अंकपद्धती 1988 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. 2 म्हणजे एचडीपीई: दुधट, लवचिक, कात्रीला सोपे, म्हणून सुपड्याला व झारीला योग्य. 1 म्हणजे पीईटी, पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचे. सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या पुढे ते मऊ पडून आकसते. अंक पुसला असेल तर तुकडा पाण्यात टाकावा. एचडीपीई तरंगते, पीईटी बुडते.

पीईटीची पारदर्शकता रोपांच्या कामी येते. बूड काढलेली बाटली कोवळ्या रोपावर पालथी घातली की थंडीपासून आडोसा मिळतो. दिवसा बूच काढायला विसरू नये. बंद बाटलीत उन्हाने रोप अक्षरशः शिजते. उरलेल्या डब्यांच्या पट्ट्यांवर रोपांची नावे लिहितात. त्यासाठी साधी शिसपेन्सिल बरी, कारण मार्करची शाई उन्हात उडते.

कीटकनाशक, आम्ल किंवा इंजिन ऑइलचे कॅन मात्र कितीही धुतले तरी वापरू नयेत. कीटकनाशकाचा रिकामा डबा तीनदा विसळून, भोसकून निकामी करण्याची रीत आहे, ती तो पुन्हा कोणी वापरू नये म्हणूनच.

उन्हातील अतिनील किरणांनी ही साधने हळूहळू ठिसूळ होतात आणि त्यांचे कण मातीत मिसळतात. म्हणून काम झाल्यावर ती सावलीत ठेवतात, आणि दाबल्यावर कडा तडकू लागली की बागेतून काढून टाकतात.