खुलासा: चेंडू अडवताना क्वार्टरबॅकला लागलेला फटका माफ असतो का?

फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचाच एक प्रकार, त्यात एक समज जुनाच आहे: चेंडू अडवायला गेलात, तर क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, हाताला लागलेला फटका माफ. तसं नाही. इथे गडी पाडत नाहीत, कमरेला लावलेली पट्टी, म्हणजे फ्लॅग, ओढतात. म्हणून फेकणाऱ्या हाताला फटका बसला की सहसा फाऊलच मिळतो.

अमेरिकेतल्या पाच-पाचच्या सामन्यांत रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) बहुधा ७ यार्डांवरून, म्हणजे साधारण ६.४ मीटरवरून सुटतो. तेवढ्यात वेग चढतो आणि पुढे झेप घेतली की अंग आवरत नाही. शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाका, गुडघे वाकवा, नजर चेंडूवर नको, कमरेवर ठेवा. पास अडवायचाच, तर जागच्या जागी हात सरळ वर.

पडताळायचं तर आपल्या लीगच्या नियमावलीतलं ‘रफिंग द पासर’ (पास फेकणाऱ्याला केलेला गैर धक्का) हे कलम वाचा. सामन्याआधी पंचांनाही विचारा.