स्क्रूजचे उत्तर, गरीबपट्टी आणि खडीचा ढीग

नाताळ जवळ आला की स्क्रूजची आठवण निघते, आणि दरवेळी एकाच अंगाने निघते: कवडीचुंबक म्हातारा, रात्रीतून येऊन गेलेली भुते, सकाळी पालटलेले मन. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’चे हे वाचन चुकीचे नाही. पण त्यात सुरुवातीचे एक छोटे संभाषण निसटते. गरिबांसाठी वर्गणी मागायला दोन सद्गृहस्थ स्क्रूजच्या कचेरीत येतात. स्क्रूज नुसता नकार देऊन त्यांना वाटेला लावत नाही, उलट प्रश्न विचारतो. तुरुंग आहेत ना? वर्कहाउसे, म्हणजे निराधारांना आत ठेवून कामाला लावणारी घरे, चालू आहेत ना? ट्रेडमिल, म्हणजे कैद्यांनी पायऱ्या चढत फिरवायची चक्री, आणि गरीब-कायदा, सगळे जोरात चालले आहे ना? मग झाले. या संस्थांना मी पैसे देतोच, आणि त्यांचा खर्च काही थोडाथोडका नाही.

हे कंजुषाचे उत्तर नाही, करदात्याचे आहे. इंग्लंडमध्ये घर-दुकानाच्या मूल्यावर गरिबांसाठी पट्टी बसत असे. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी गरीबपट्टी म्हणा. १८३२ च्या सुमारास तिचा खर्च वर्षाला सत्तर लाख पौंडांवर गेला होता. १८३४ चा सुधारित गरीब-कायदा आला आणि १८३७ पर्यंत हा आकडा चाळीस लाखांच्या आसपास उतरला. पट्टी भरणाऱ्यांच्या लेखी कायदा यशस्वी ठरला तो इथे. कथा १९ डिसेंबर १८४३ ला प्रसिद्ध झाली तेव्हा या कायद्याला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती. कथेतला कारकून क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवतो, म्हणजे त्याला स्वतःचीच गोष्ट विकत घ्यायची तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा गेला असता.

१८३४ च्या कायद्यामागचे सूत्र ‘लेस एलिजिबिलिटी’ या नावाने ओळखले जाते. मराठीत ते ‘कमी पात्रता’ असे उतरवले की सगळा अर्थ उलटतो. वाचणाऱ्याला वाटते, गरजूंची पात्रता तपासायची असेल. त्या काळच्या इंग्रजीत ‘एलिजिबल’ म्हणजे निवडावेसे वाटणारे, हवेसे. सूत्राचा अर्थ असा, की मदतीवर जगणाऱ्या माणसाची स्थिती स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या सर्वांत खालच्या मजुराच्या स्थितीपेक्षा कमी हवीशी असली पाहिजे. मग कागदपत्रे, चौकशी, शिफारस, कशाचीच गरज उरत नाही. दार उघडे ठेवायचे आणि आतले जगणे इतके नकोसे करायचे, की ज्याला खरोखरच दुसरा मार्ग नाही तोच आत येईल. तपासणीचे काम भिंतच करते. याला ‘वर्कहाउस टेस्ट’ म्हणत.

कागदावर हे चोख दिसते. अडचण सुरू होते ती बाहेरच्या मजुराची अवस्था पाहिल्यावर. दक्षिण इंग्लंडातल्या शेतमजुराचे कुटुंब पाव, बटाटे आणि क्वचित डुकराच्या मांसावर गुजराण करी. आत त्याहून कमी वाढायचे तर माणसे मरतील, आणि जाणूनबुजून मारायचे तर कायद्यात नव्हते. मग नकोसेपण आणायचे कुठून? ते शिस्तीतून आणले गेले. आत येताच अंगावरचे कपडे काढून गणवेश. रहिवाशांचे सात वर्ग आणि प्रत्येक वर्गाला वेगळे अंगण, त्यामुळे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. आणि काम असे की ज्यात मन रमणार नाही: जुन्या दोरखंडांचे धागे पिंजणे, दगड फोडून खडी करणे, खतासाठी हाडे कुटणे. १८४५ मध्ये हँपशरमधल्या एका वर्कहाउसात कुटायला दिलेली कुजकी हाडे भुकेले रहिवासी चोखून खात असल्याचे उघड झाले आणि संसदेत गदारोळ झाला. दोन वर्षांत कायद्याचा कारभार पाहणारे लंडनचे मध्यवर्ती मंडळ बरखास्त झाले, त्याच्या जागी दुसरे आले. सूत्र मात्र जागचे हलले नाही. वर्कहाउसची व्यवस्था अधिकृतपणे १९३० मध्ये मोडीत निघाली, उरलासुरला गरीब-कायदा १९४८ मध्ये.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. वर्कहाउसात न जाता घरी मदत घेणाऱ्यांची संख्या १८३४ नंतरही कायम जास्तच राहिली. उत्तरेकडच्या गिरणी-गावांनी तर कायद्याला उघड विरोध केला. म्हणजे वर्कहाउस हा बहुतेकांच्या अनुभवापेक्षा बहुतेकांच्या धाकाचा भाग होता. सद्गृहस्थ स्क्रूजला सांगतात, की पुष्कळांना तिथे जाण्यापेक्षा मरण बरे वाटेल. कायद्याच्या कर्त्यांना अपेक्षित होता तो परिणाम साधारण हाच, फक्त त्यांनी तो सभ्य शब्दांत मांडला होता.

हे सूत्र इंग्लंडपुरते राहिले नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग होरपळला. कलकत्त्याहून पाठवलेल्या दुष्काळ-प्रतिनिधीने १८७७ च्या सुरुवातीला दुष्काळी कामांवरची मजुरी पुरुषामागे दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. कामही मुद्दाम घरापासून लांब दिले जाई, कारण गरज खरी असेल तर माणूस चालत येईल. वर्कहाउसच्या भिंतीचे काम इथे अंतराने केले. विशेष म्हणजे याच अधिकाऱ्याने १८७४ मध्ये बिहारमध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून मृत्यू जवळजवळ टाळले होते आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका घेतला होता. तीन वर्षांत तो धडा शिकला, पण भलताच.

एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. धान्याच्या शंभर ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी धरल्या तरी हा हिशेब १,६०० च्या आत राहतो, आणि अंगावर काम दिवसभर माती उपसण्याचे किंवा खडी फोडण्याचे. मद्रासच्या आरोग्य आयुक्ताने तेव्हाच निदान दीड पौंड धान्य आणि शिवाय डाळ-भाजीचा आग्रह धरला होता. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. पुण्यातून सार्वजनिक सभेचे अर्जांवर अर्ज गेले. काही महिन्यांत मजुरी थोडी वाढवावी लागली. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालातून पुढे दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्यांनी मदत ही सरकारची जबाबदारी मानली हे मोठेच, पण मदत कामाच्या कसोटीतूनच द्यायची हे तत्त्व तसेच ठेवले.

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण ज्या घरांत आहे तिथे सुकडी (मदत म्हणून वाटलेला कोरडा आहार), मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि खडी हे तीन शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. खडी ब्रासवर मोजली जाई, शंभर घनफुटांचा एक ब्रास. पुढे पाझर तलाव, नालाबांध, समतल चर अशी कामे वाढत गेली. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागाही लागल्या. दगड फोडून ढीग घालणे आणि जमिनीत पाणी मुरवणे या दोन कामांतला फरक थोडा नाही. पहिल्यात श्रम ही नुसती कसोटी असते, दुसऱ्यात त्या श्रमांतून काहीतरी मागे उरते. अर्थात मोजमापाचे दुखणे गेले नाही. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक, प्रत्येकाचा दर वेगळा. कठीण मुरूम वहीत मऊ माती म्हणून चढला की तेवढ्याच घामाला निम्मे पैसे पडतात, आणि मोजणी आठवडाभर लांबली की खड्ड्याच्या कडा ढासळून वाद वाढतो.

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. त्याने काम मागण्याचा हक्क दिला, म्हणजे स्क्रूजच्या संस्थांची दिशाच उलटी केली. त्याचा खर्च उचलायला १९७५ पासून शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकातले ते दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये ही आपली गरीबपट्टी. ती कशासाठी सुरू झाली हे विचारले तर दहापैकी नऊ जणांना सांगता येत नाही. स्क्रूजला निदान आपले पैसे कुठे जातात ते ठाऊक होते.

मजुरीचा प्रश्न मात्र १८३४ चाच राहिला. रोजगार हमीची मजुरी सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवली होती, म्हणजे ज्याला बाहेर बरे काम आहे तो येणार नाही. अर्थशास्त्रज्ञ याला ‘स्वयंनिवड’ म्हणतात. नाव सौम्य, वंश जुनाच. १९८३ मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मदतीचे काम असले तरी किमान वेतनाहून कमी मजुरी देणे म्हणजे घटनेने मना केलेली वेठबिगारी. दुसरी बाजूही आहे: १९८८ मध्ये महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबर योजनेची मजुरी वाढली, तेव्हा मागेल त्याला काम देण्याची हमी आखडली, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने पाच किलोमीटरच्या आत काम, त्यापलीकडे दहा टक्के जादा मजुरी असा नियम करून १८७७ ची अंतराची कसोटी पार उलटवली. पण १ जानेवारी २००९ पासून केंद्राने मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडली आणि काही राज्यांत ती त्याच्या खाली गेली. कोर्टकचेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

स्क्रूजचे दुसरे वाक्य जास्त गाजलेले: मरणार असतील तर मरावे आणि अतिरिक्त लोकसंख्या कमी करावी. ही भाषा, लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असे मांडणाऱ्या माल्थसच्या १७९८ च्या निबंधाच्या परंपरेतली. माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिकवत होता, म्हणजे हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी त्याच्या वर्गातून येत. हवामानबदलाच्या चर्चेत हे वाक्य आज नव्या वेषात येते: माणसेच फार झाली आहेत. भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत सुमारे १४. अतिरिक्त कोण, हे डोकी मोजून ठरवायचे की धूर मोजून, यावर उत्तर अवलंबून आहे.

धुराच्या बाबतीत कथा स्वतःच अडचणीची आहे. सुरुवातीला क्रॅचिटच्या शेगडीत कोळशाचा एकच तुकडा वाटावा इतका जाळ. शेवटी पालटलेला स्क्रूज त्याचा पगार वाढवतो (किती, ते सांगितलेले नाही) आणि आधी कोळशाची आणखी एक बादली आणून शेगड्या पेटव म्हणतो. लंडनच्या धुक्यात याच शेगड्यांचा धूर होता, आणि क्रॅचिटच्या लहान मुलाचा, टायनी टिमचा, आजार मुडदूस (ऊन न मिळाल्याने हाडे मऊ पडणे) असावा असे मानणारे डॉक्टर उन्हाला आडव्या येणाऱ्या काजळीकडे बोट दाखवतात. १८५३ च्या लंडन धूर-कायद्याने भट्ट्यांवर बंधन घातले, घरची शेगडी वगळली. ती वगळणूक टिकली शतकभर. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस धूर साचून राहिला; तेव्हाच्या सरकारी अंदाजाने सुमारे चार हजार माणसे दगावली, पुढचे अंदाज बारा हजारांपर्यंत जातात. १९५६ च्या कायद्याने अखेर धूरबंद क्षेत्रे आखली आणि जुनी शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चाची वाटणी लावून दिली: दहापैकी निदान सात भाग सरकारी तिजोरी आणि स्थानिक पट्टीतून, उरलेले घरमालकाच्या खिशातून.